शिट्टीबाई आणि बोबड्या

तिसऱ्या मजल्यावरच्या शिट्टीबाईंनी नवऱ्याशी बोलणं टाकलंय आणि आता त्या घरातला सगळा कारभार शिट्ट्यांवर चालतो, ही बातमी इमारतीला मिळाली ती तळमजल्यावरच्या शिवणवालीकडून. ती शिवलेले पडदे पोचवायला वर गेली होती. दारातच तिने ऐकलं म्हणे, की आतून एक लांबलचक शिट्टी आली, वर चढली, मध्येच गिरकी घेऊन खाली उतरली आणि बाईंचे यजमान मुकाट्याने उठून स्वयंपाकघरात गेले. दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्याने त्यात घटस्फोट घातला, चौथ्याने वकील घातला. संध्याकाळी जिन्यात लोक यजमानांकडे असे काही बघत होते, की त्या गरिबाला वाटलं, आपल्या शर्टाची बटणं वरखाली लागलीत.

खरी गोष्ट एवढीच, की ती शिट्टी नवऱ्यासाठी नव्हतीच. ती एका डॉल्फिनची होती आणि बाई ती तोंडाने वाजवून पाठ करत होत्या. यजमान उठले ते दूध उतू चाललं होतं म्हणून. आणि बोलणं टाकल्याचं म्हणाल, तर त्या दिवशी बाईंनी नवऱ्याला ओटा नीट पुसण्यावरून जे काही ऐकवलं, ते शिवणवाली थोडी थांबली असती तर तिलाही ऐकू आलं असतं. पण ती घाईने खाली गेली. बातमी गरम असताना वाढायची असते ना!

तर शिट्टीबाईंचं काम म्हणजे कानांचं काम. समुद्रातले देवमासे आणि डॉल्फिन काय काय आवाज करतात ते ऐकायचं, एकाचा आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढायचा, कोण कुणाशी कधी बोलतं ते नोंदवायचं आणि ते बोलणं बंद पडू नये म्हणून कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे. एक संस्था त्यांना याचा पगार देते. हे कळलं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गालावर हात ठेवला.

"दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायचं आणि वर पगार? बाई गं! आणि आम्ही इतकी वर्षं फुकटात करतोय!"

शिट्टीबाईंची कचेरी म्हणजे त्यांच्या झोपायच्या खोलीतला कपाटामागचा कोपरा. खिडकीवर जाड गोधड्या, भिंतीला जुना गालिचा, इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि बाईंच्या कानांवर वाटीएवढे हेडफोन. इथून पायी जाण्यासारखा लाँचचा धक्का आहे, त्याच्या शेवटच्या खांबाला पाण्याखाली बाईंनी एक माइक बांधलाय. अंगठ्याएवढा, पण दिवसभर ऐकतो. त्यातलं कार्ड बाई अधूनमधून काढून आणतात आणि कॉम्प्युटरला लावतात. मग पडद्यावर आवाजाची चित्रं सरकू लागतात. शिट्टी म्हणजे एक बारीक रेघ, आवाज चढला की वर जाणारी, उतरला की खाली येणारी. प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक ठरलेली शिट्टी असते, जणू त्याचं नावच. बाई ती रेघ बघतात, डोळे मिटतात, ओठ गोल करतात आणि वाजवतात. तेवढ्यासाठी इमारतीने त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं. त्यांचं खरं नाव पत्रपेटीवर आहे, पण ते टपालवाल्यापुरतं.

ऐकून ऐकून त्यांचे कान असे तयार झालेत, की जिन्यातल्या चपलेवरून माणूस ओळखतात. "आज चौथ्या मजल्याचे भाऊसाहेब नवे बूट घालून आले, डावा चावतोय," असं त्या घरात बसून सांगतात आणि भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी खरंच लंगडताना दिसतात. इमारतीतली निम्मी मंडळी त्यामुळे त्यांच्या दारावरून चवड्यांवर चालत जातात. त्याचाही उपयोग नाही. चवड्यांवर कोण चालतं, हेही बाईंना पाठ आहे.

खाडीतल्या डॉल्फिनना संस्थेच्या कागदांवर नुसते आकडे आहेत. घरात मात्र त्यांना नावं आहेत. एक मादी मास्तरीण, कारण तिची शिट्टी ऐकली की गृहपाठ केला नसल्यासारखं वाटतं. एक नर उधारीवाला, सारखा दुसऱ्यांची शिट्टी उचलून वाजवतो. आणि एक म्हातारी मादी आत्याबाई, खालच्या सुरात सुरुवात करते, हळूहळू चढत जाते आणि थांबायचं नावच घेत नाही.

"ही आत्याबाई कुणावरून गं?" सासूबाईंनी एकदा बारीक डोळे करून विचारलं.

"कुणावरून म्हणजे? सहज सुचलं."

"मलाही कुणीतरी आत्याच म्हणतं, म्हणून विचारलं."

"आई, तुमचा आवाज किती मंजुळ!" शिट्टीबाई म्हणाल्या. यजमानांनी घाईने वर्तमानपत्र उघडलं आणि बराच वेळ मिटलं नाही.

आता मुख्य गोष्ट. खाडीच्या तोंडाशी पाण्याचा एक अरुंद पट्टा आहे. तिथे लाटा कमी, मासळी भरपूर, म्हणून डॉल्फिनच्या माद्या पिल्लं घेऊन तिथेच राहतात. आणि तोच जवळचा रस्ता, म्हणून पलीकडे जाणाऱ्या साऱ्या लाँचही तिथूनच जातात. लाँच कंपनीने दुप्पट वेगाच्या नव्या बोटी आणायचं ठरवलं, तसा शिट्टीबाईंनी बंदर कचेरीकडे आग्रह धरला, की या पट्ट्यात प्रत्येक बोटीने सावकाश गेलं पाहिजे. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाण्यात नजर हातभरही पोचत नाही, कान मात्र लांबवर पोचतो. पिल्लू चुकलं की शिट्टी मारतं, आई उत्तर देते आणि त्या आवाजाच्या धाग्याने दोघं परत एकत्र येतात. आधीच लाँचच्या गडगडाटात तो धागा तुटतो. दुप्पट वेगाच्या बोटी आल्या, तर तो पुन्हा जुळणारच कसा?

बंदर अधिकारी सज्जन माणूस. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "बाई, मला पटतंय हो. पण त्या पट्ट्यात या घटकेला पिल्लू आहे, असं काही हातात द्या. मोठ्या डॉल्फिनसाठी कंपनी मला दारातही उभं करणार नाही. पिल्लू म्हटलं, की माझी बायकोसुद्धा माझ्या मागे उभी राहील."

बाई घरी आल्या त्या पिल्लाच्या शोधातच. आणि काय योग पाहा, त्याच आठवड्यात कार्डावर एक नवी शिट्टी सापडली. थरथरती, वाकडीतिकडी, धड चढत नाही, धड उतरत नाही. लहान पिल्लांचं असंच असतं, स्वतःची शिट्टी बसायला त्यांना महिनोन्‌महिने लागतात. बाईंनी ती ऐकली, पुन्हा ऐकली आणि हेडफोन काढून स्वयंपाकघरात धावल्या.

"अहो, पिल्लू आहे! शिट्टी शिकतंय! बोबडं बोलतंय!"

त्याच क्षणी त्याचं नाव पडलं, बोबड्या.

बोबड्याची एक खोड बाईंच्या लगेच लक्षात आली. एरवी तो गप्प असायचा, पण लाँच धक्क्याजवळ आली, की ओरडायलाच लागायचा. बाईंनी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला. लेकरू बोटीला घाबरतं! आईला हाका मारतं! याहून मोठा पुरावा कुठला हवा? त्यांनी ते रेकॉर्डिंग सासूबाईंना ऐकवलं. सासूबाईंनी हेडफोन लावला, डोळ्यांना पदर लावला आणि खाली जाऊन शिवणवालीला सांगितलं. इतकं पुरे होतं. आठवडाभरात बोबड्या गावाचा झाला. स्थानिक पेपरात त्याच्यावर मजकूर आला, शाळेत मुलांनी त्याची चित्रं काढली, बंदर अधिकाऱ्यांच्या पत्नीने त्याची शिट्टी मोबाइलची रिंग म्हणून ठेवली. बैठकीची तारीख ठरली. लाँच कंपनीचे मॅनेजर, गावात ज्यांना सगळे कप्तान म्हणतात आणि ज्यांना बोटीत बसलं की उलटी होते, ते तोंड पाडून हिंडू लागले.

आणि मग बोबड्या बोलायचा बंद झाला.

बैठक तोंडावर आलेली आणि नव्या कार्डावर त्याचा आवाजच नाही. मास्तरीण आहे, उधारीवाला आहे, आत्याबाई तर आहेतच, पण बोबड्या नाही. बाईंनी कार्ड दोनदा तपासलं. भाड्याची होडी घेऊन खाडी पालथी घातली. त्यांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरून सासूबाईंनी ओळखलं, सासूबाईंच्या चेहऱ्यावरून शिवणवालीने ओळखलं आणि शिवणवालीने जे ओळखलं ते असं, की बोबड्या लाँचच्या पंख्याखाली गेला.

इमारतीत सुतक पडल्यासारखी शांतता पसरली. भाऊसाहेबांनी रेडिओ लहान केला. पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, 'बोबड्या कुठे आहे?' आणि कप्तानांचा स्वतःहून फोन आला. आवाज अगदी लोण्यासारखा.

"ताई, आम्हीही लेकरंबाळंवाली माणसं आहोत. बैठकीत तुम्ही म्हणाल ती अट मान्य करतो. तेवढं पेपरात कंपनीचं नाव नको."

इतकी वर्षं बाई ज्यासाठी भांडल्या ते असं ताटात वाढून आलं. पण त्यांना काही गोड लागेना. लेकराच्या जिवावर मिळालं, असं त्यांच्या मनाने घेतलं. उदास होऊन त्या धक्क्यावर गेल्या आणि माइकची दोरी तपासायला खांबाशी बसल्या. कानांवर हेडफोन, माइकच्या वायरला जोडलेले.

धक्क्यावर त्या दिवशी पसारा होता. बोट धक्क्यावर आपटू नये म्हणून कडेला मोठाले टायर टांगलेले असतात. कंपनीने मागच्याच आठवड्यात जुने, झिजलेले टायर काढून नवे लावले होते आणि जुन्यांचा ढीग कोपऱ्यात पडला होता. दोरखंड बांधणारा कामगार त्यातला एकेक ओढत ट्रककडे नेत होता. ओल्या सिमेंटवरून टायर ओढला गेला आणि हेडफोनच्या बाहेरून, वाऱ्यावरून, बाईंच्या कानात एक आवाज शिरला.

बाई ताडकन उठल्या.

"ओ दादा! थांबा! ते पुन्हा करा!"

"काय पुन्हा करा?"

"टायर ओढा. मागे न्या आणि परत ओढा."

"बाई, आत्ता ओढून आणला ना!"

"ओढा हो! मी हात लावते."

त्याने ओढला. बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पुन्हा ओढायला लावला. तिसऱ्या खेपेला तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, घ्यायचाय का टायर? घरी पोचवून देतो, पण हा व्यायाम पुरे."

"एक शेवटचं. हा जिथून काढला तिथे पुन्हा टांगाल?"

त्याने आकाशाकडे बघितलं, पण टांगला. लाँच नव्हती, पाणी गप्प होतं. त्याने पायाने टायर दाबून धक्क्यावर घासला. पाण्याखालच्या माइकमधून आवाज आला तो सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्वच्छ रबराचा. कुत्र्यालाही कळलं असतं, की हा टायर आहे. बाईंच्या जिवात जीव आला. चला, आपला भासच. तेवढ्यात लाँच आली. इंजिनचा गडगडाट, पाण्याचा खळखळाट, बोटीचा धक्का बसला, टायर घासला आणि हेडफोनमध्ये बोबड्या बोलला.

तोच. थरथरता, वाकडातिकडा. लाँचच्या आवाजात टायरच्या किंचाळीचं डोकंही बुडत होतं, शेपूटही बुडत होतं. मधला जो तुकडा उरत होता तो म्हणजे गावाचं लाडकं लेकरू.

बाई त्या टायरांच्या ढिगावर मटकन बसल्या. बोबड्या बोटीला घाबरून ओरडत नव्हता. बोट त्याच्यावर आपटत होती, म्हणून ओरडत होता.

घरी आल्यावर त्यांनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कुणाचा विश्वासच बसला नाही. मग सासूबाई हळूच खुर्चीत टेकल्या.

"म्हणजे मी रडले ती टायरसाठी?"

"हो आई."

"मोठ्या टायरसाठी की लहान?"

"ट्रकच्या."

"बरं झालं बाई, निदान मोठा तरी होता," सासूबाई म्हणाल्या. त्यांना काहीतरी धरायला हवं होतं.

यजमान चष्म्याचं दुकान चालवतात. समोरच्याला जे नीट दिसत नाही त्यावर अलगद काच बसवायची, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी घसा साफ केला. "हे बघ, तू कुठे म्हणालीस, की पिल्लू बोटीखाली गेलं? ते इमारत म्हणाली. तू फक्त बैठकीत जा, बस आणि चहा पी. कप्तान आपणहून मान्य करतोय. तू बोलली नाहीस, तर ते खोटं बोलल्यासारखं होत नाही."

"मग काय बोलल्यासारखं होतं?"

"न बोलल्यासारखं."

शिट्टीबाईंनी त्यावर ऐकवायला हवं होतं, पण त्या उठून ओटा पुसू लागल्या. कारण यजमानांचं म्हणणं त्यांच्या मनातही धक्क्यावरून निघाल्यापासून येरझाऱ्या घालत होतं. गप्प बसलं तर पट्टा मिळत होता. मास्तरणीला खरंच पिल्लू झालं, तर त्याला शांत पाणी मिळत होतं. बोललं तर गाव हसणार, कप्तान उठून जाणार आणि पुढची कित्येक वर्षं कुठल्याही कचेरीत त्यांचं नाव निघालं, की कुणीतरी टायर म्हणणार. त्या कपाटामागच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. हेडफोन लावले. मास्तरणीची शिट्टी लावली. ती ऐकली, की गृहपाठ केला नसल्यासारखं वाटतं हे त्यांनीच म्हटलं होतं, आणि आता ती थांबवावी म्हटलं तर हात पुढे होईना.

बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, तो स्पीकर कुठे ठेवलाय? उद्या न्यायचाय."

यजमानांनी स्पीकर काढून दिला आणि वर पुसूनही दिला. माणूस तसा चांगला आहे.

बैठकीला बंदर कचेरीचा हॉल भरलेला. पेपरवाला आला होता, निम्मी इमारत आली होती, बंदर अधिकाऱ्यांच्या पत्नी रुमाल घेऊन पहिल्या रांगेत होत्या. कप्तान हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, की या दुःखद प्रसंगी कंपनी ताईंच्या प्रत्येक म्हणण्याला मान देते.

"आधी ऐका," शिट्टीबाई म्हणाल्या आणि स्पीकर लावला. पहिलं रेकॉर्डिंग, नुसता टायर. दुसरं, नुसती लाँच. तिसरं, लाँच आणि टायर एकत्र. हॉलभर बोबड्याचा आवाज घुमला. अधिकाऱ्यांच्या पत्नींनी रुमाल डोळ्यांपर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"बोबड्या मेला नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. "तो कधी नव्हताच. माझी चूक झाली. तो तुमच्या धक्क्याचा जुना टायर होता. तुम्ही तो बदललात म्हणून तो गप्प झाला."

क्षणभर कुणाला समजेना. मग मागच्या रांगेत भाऊसाहेबांना हसू फुटलं आणि ते पुढेपुढे येत साऱ्या हॉलवर पसरलं. पेपरवाला लिहिताना हसत होता. शिवणवाली तर अशी हसली, की तिनेच सगळं आधीपासून सांगितलं होतं असं वाटावं. एकट्या सासूबाई ताठ बसून राहिल्या. शेजारच्याने विचारलं, तर म्हणाल्या, "ट्रकचा होता. मोठा."

सगळ्यांत जास्त हसले कप्तान. त्यांचा गेलेला रंग परत आला. जोडलेले हात सुटले, एक खिशात गेला.

"म्हणजे ताई, इतके दिवस तुम्ही टायरचं संगोपन करत होतात!" हॉल पुन्हा हसला. "साहेब, आता मला सांगा. या बाई कानांच्या तज्ज्ञ. यांच्याकडे माइक, यांच्याकडे कॉम्प्युटर. आणि यांना टायर कुठला आणि पिल्लू कुठलं, ते ओळखता येत नाही! यांच्या सांगण्यावरून आम्ही बोटी सावकाश चालवायच्या?"

बंदर अधिकाऱ्यांनी डोळे पुसले, हसण्याने आलेले, आणि अवघडून शिट्टीबाईंकडे पाहिलं.

पुढे काय झालं ते सांगून टाकलेलं बरं, कारण गावात त्याच्याही चार तऱ्हा सांगतात. त्या पट्ट्यात लाँच आता सावकाश जातात. सध्या एका हंगामापुरत्या, पुढचं पुढे बघू असं ठरलंय. घाईतले उतारू खिडकीतून डोकं काढून बडबडतात आणि कप्तान घड्याळ बघतात. शिवणवाली म्हणते, अधिकाऱ्यांच्या पत्नींनी घरी जेवायला वाढलं नाही, म्हणून सही झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, पेपरवाल्याला घाबरले. पण जे हॉलमध्ये होते त्यांना ठाऊक आहे, की अधिकाऱ्यांनी पेन उघडलं ते कप्तानांच्या त्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर ऐकून. उत्तर देताना शिट्टीबाईंनी आवाजही चढवला नव्हता. स्पीकरची वायर गुंडाळत गुंडाळत त्या म्हणाल्या,

"बरोबर आहे तुमचं. जन्मभर कान तयार केले, माइक लावला, कॉम्प्युटर लावला, तरी तुमच्या बोटींच्या गोंगाटात मला टायर आणि पिल्लू वेगळं ओळखता आलं नाही. मग त्या पिल्लाच्या आईने काय करायचं, ते तुम्हीच सांगा."